जाणता ग्रंथविक्रेता : एकविषयी दुकाने आणि साखळी दुकाने

(वाचनालयांचे कार्यकर्ते, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुस्तकांच्या दुकानात येणारे ग्राहक सामान्यतः दोन प्रकारचे असतात. काहींना हव्या असलेल्या पुस्तकाचे नाव आधीच ठाऊक असते. पाठ्यपुस्तक, पंचांग, शब्दकोश किंवा कोणी सांगितलेली एखादी कादंबरी मागावी, पैसे द्यावेत आणि घरी जावे, एवढेच त्यांचे काम असते. दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकाला पुस्तकाचे नाव ठाऊक नसते. मागे वाचलेले एखादे पुस्तक त्याच्या मनात घर करून राहिलेले असते आणि त्याच जातीचे, परंतु त्याहून निराळे असे काहीतरी आणखी वाचावे, अशी त्याची इच्छा असते. पहिल्या ग्राहकाची गरज कोणतेही मोठे दुकान भागवू शकते. दुसऱ्याची गरज भागविण्यास पुस्तके वाचलेला मनुष्य समोर असावा लागतो. एकाच विषयाची पुस्तके विकणारी लहान दुकाने आणि शेकडो शाखांची साखळी दुकाने यांची तुलना करताना हा भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे.

साखळी दुकान म्हणजे एकाच मालकीची, एकाच नावाची, गावोगावी पसरलेली दुकाने. त्यांच्यासाठी पुस्तकांची खरेदी बहुधा मुख्य कचेरीतून होते आणि शाखांनी ती मांडून विकावयाची असतात. याउलट एकविषयी दुकान एखाद्याच वाङ्मयप्रकाराला वाहिलेले असते. कोठे फक्त रहस्यकथा, कोठे विज्ञानकथा व अद्भुतकथा, तर कोठे नकाशे व प्रवासवर्णने मिळतात. अशा दुकानांची परंपरा इंग्लंड व अमेरिकेत विशेष रुजली. तेथील गेल्या पन्नास वर्षांच्या अनुभवात आपल्याकडील वाचनालयांनाही उपयोगी पडेल असे पुष्कळ आहे.

परंपरेचा आरंभ

या प्रकारच्या जुन्या दुकानांत लंडनच्या स्टॅनफर्ड्‌स या दुकानाचा उल्लेख करावा लागेल. एडवर्ड स्टॅनफर्ड यांनी ते १८५३ साली सुरू केले. नकाशे आणि प्रवासविषयक पुस्तके हा त्याचा विषय. १९०१ पासून ते लाँग ॲकर या रस्त्यावरील आपल्या इमारतीत होते. २०१९ मध्ये ते जवळच्याच जागेत हलविण्यात आले. या दुकानाची ख्याती एवढी होती की, कॉनन डॉइल यांच्या बास्करव्हिलच्या शिकारी कुत्र्याच्या कथेत शेरलॉक होम्स डार्टमूरच्या माळरानाचा नकाशा मागवितो तो याच दुकानातून, नावाच्या वर्णलेखनात किंचित फरक करून. गुन्ह्याचा छडा लावू पाहणाऱ्याने नकाशासाठी कोठे माणूस धाडावा हे लंडनच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते.

कथावाङ्मयातील एका प्रकाराला वाहिलेली दुकाने त्यानंतर बऱ्याच काळाने आली. डिलिस विन या जाहिरातींचा मजकूर लिहिण्याचे काम करीत असत. रहस्यकथांची त्यांना अतोनात आवड होती. १९७२ साली त्यांनी न्यूयॉर्क शहरात ‘मर्डर इंक’ नावाचे लहानसे दुकान उघडले. केवळ रहस्यकथा विकणारे अमेरिकेतील ते पहिले दुकान मानले जाते. २ मार्च १९७४ रोजी मिनियापोलिस शहरात डॉन ब्लायली यांनी ‘अंकल ह्यूगोज’ हे विज्ञानकथांचे दुकान सुरू केले आणि १९८० मध्ये त्याला ‘अंकल एडगर्स’ या रहस्यकथांच्या दुकानाची जोड दिली. १३ एप्रिल १९७९ रोजी ओटो पेन्झलर यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘मिस्टीरियस बुकशॉप’ उघडले. तो दिवस शुक्रवार होता. तेरा तारखेचा शुक्रवार पाश्चात्त्य देशांत अशुभ समजला जातो. रहस्यकथांच्या दुकानाला हाच मुहूर्त शोभतो, असा विनोद त्यात होता. ते दुकान जागा बदलून आजही चालू आहे.

आकर्षण कशात आहे?

अशा दुकानाची जागा बहुधा अडचणीची असते. कपाटे छताला भिडलेली असतात आणि दोन कपाटांमधून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. बसावयास खुर्ची मिळेलच असे नाही. किमतीत मोठी सूट तर क्वचितच मिळते. असे असूनही लांबून रेल्वेने किंवा मोटारीने लोक तेथे येतात. त्याची कारणे पाहण्यासारखी आहेत.

पहिले कारण विक्रेत्याचे ज्ञान हे होय. एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या वाचकाने शेरलॉक होम्सच्या चारही कादंबऱ्या व छप्पन्नही कथा वाचून संपविल्या आणि आता पुढे काय, असा प्रश्न घेऊन तो दुकानात आला. जाणता विक्रेता त्याला लगेच पुस्तक काढून देणार नाही. होम्सच्या कथांत नेमके काय आवडले, हे तो प्रथम विचारील. राखेवरून आणि चिखलाच्या डागांवरून अनुमान बांधण्याची रीत आवडली असेल, तर तो ऑस्टिन फ्रीमन यांच्या डॉ. थॉर्नडाइक यांच्या कथा पुढे ठेवील. त्या कथांत सूक्ष्मदर्शक यंत्राने पुरावा तपासला जातो. त्यांतील काहींत तर गुन्हा कोणी केला हे आरंभीच सांगितलेले असते आणि तो उघडकीस कसा आला एवढेच कुतूहल उरते. मनुष्यस्वभावाची पारख आवडली असेल, तर चेस्टरटन यांचा फादर ब्राउन हा पाद्री त्याला भेटविला जाईल. आगगाड्यांची वेळापत्रके आणि हालचालींचा काटेकोर हिशेब यांत गोडी वाटली असेल, तर फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स यांचे नाव निघेल. हे लेखक स्वतः रेल्वेत अभियंता होते. एकाच प्रश्नाची ही तीन निराळी उत्तरे आहेत, आणि योग्य ते उत्तर वाचकाशी दोन शब्द बोलल्यावाचून निवडता येत नाही.

हल्ली संगणकाच्या साहाय्याने पुस्तके विकणाऱ्या पेढ्याही सूचना करतात. हे पुस्तक ज्यांनी घेतले त्यांनी आणखी अमुक घेतले, असे त्या सांगतात. ही सूचना निरुपयोगी नसते. परंतु ती पूर्वीच्या खरेदीच्या नोंदींवर उभी असते आणि त्यामुळे जे आधीच पुष्कळ खपते त्याच्याकडेच वाचकाला पुनःपुन्हा घेऊन जाण्याकडे तिचा कल राहतो. शंभर वर्षांपूर्वीचा, विस्मरणात गेलेला लेखक तिच्या आधारे सहसा हाती लागत नाही.

दुसरे कारण जुन्या व नव्या पुस्तकांचा सहवास. मोठ्या दुकानात नवे पुस्तक काही आठवडे दर्शनी टेबलावर राहते. खपले नाही तर प्रकाशकाकडे परत जाते. न विकलेली पुस्तके प्रकाशकाने परत घ्यावीत, अशी रीत अमेरिकेत १९३० नंतरच्या आर्थिक मंदीच्या काळापासून रूढ आहे. एकविषयी दुकानदार मात्र संग्राहकाच्या वृत्तीने माल ठेवतो. बारा भागांच्या मालिकेतील नववा भाग वर्षातून एखाद्यालाच लागतो. तरी तो फळीवर असावा, कारण तो नसेल तर पहिल्या आठ भागांचा वाचक अडून बसतो, हे त्याला ठाऊक असते. अंकल ह्यूगोजसारख्या दुकानात नवी पुस्तके आणि वाचून झालेली जुनी पुस्तके एकाच छपराखाली विकली जात. ज्याच्या खिशात थोडे पैसे असत, त्या विद्यार्थ्यालाही तेथे काहीतरी मिळे.

तिसरे कारण म्हणजे तेथे जमणारी मंडळी. समान आवडीच्या माणसांची गाठ पडण्याचे ते ठिकाण असते. लेखक तेथे येतात, वाचकांशी बोलतात, पुस्तकांवर सही करून देतात. मिस्टीरियस बुकशॉपने १९९३ पासून एक सुंदर प्रथा पाळली. दर नाताळास एखाद्या नामांकित लेखकाकडून एक नवी कथा लिहवून घ्यावयाची आणि ती छापून ग्राहकांना भेट द्यावयाची. कथा नाताळच्या दिवसांत घडली पाहिजे, तिच्यात रहस्य असले पाहिजे आणि तिचा काही भाग तरी याच दुकानात घडला पाहिजे, एवढ्याच अटी होत्या. याच धर्तीवर रहस्यकथा विकणाऱ्या स्वतंत्र दुकानदारांच्या संघटनेने १९९२ पासून डिलिस विन यांच्या नावाने एक पारितोषिक काही वर्षे दिले. त्याची कसोटी वेगळी होती. सर्वांत अधिक खपलेले पुस्तक कोणते हा प्रश्न तेथे नव्हता. दुकानदारांना जे पुस्तक विकताना सर्वाधिक आनंद झाला त्याची निवड केली जाई.

साखळी दुकानांची बाजू

तुलना करताना साखळी दुकानांवर अन्याय होता कामा नये. अमेरिकेतील कित्येक गावांत साखळी दुकान येण्यापूर्वी पुस्तकांचे धड दुकानच नव्हते. बार्न्स अँड नोबल व बॉर्डर्स या दोन साखळ्यांच्या विस्तीर्ण दुकानांतून लाखाच्या घरात शीर्षके असत. मुलांसाठी वेगळा विभाग असे, बसण्यास आसने असत, कॉफी मिळे आणि तासन्‌तास पुस्तके चाळणाऱ्याला कोणी हटकत नसे. लहान दुकानात शिरताना नवख्या माणसाला एक प्रकारचा संकोच वाटतो. आपल्याला काही कळत नाही हे दुकानदाराच्या ध्यानात येईल, अशी भीती वाटते. मोठ्या दुकानात हा संकोच नसतो. किमतीतील सूट ही सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने क्षुल्लक बाब नव्हे. बॉर्डर्सचा उगमही एका चांगल्या दुकानातच होता. १९७१ साली दोन भावांनी मिशिगन राज्यातील ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी ते सुरू केले आणि उत्तम निवडीबद्दल त्याचा लौकिक झाला.

दोष शिरला तो विस्ताराबरोबर. शेकडो शाखांसाठी निवड एकाच ठिकाणी होऊ लागली की, निवडणारा आणि वाचणारा यांच्यामधील अंतर वाढते. समुद्रकाठच्या गावातील आणि डोंगरातल्या गावातील टेबलांवर तीच पुस्तके त्याच क्रमाने दिसू लागतात. त्यातच प्रकाशकांनी पैसे मोजून आपली पुस्तके दर्शनी जागी मांडून घेण्याची पद्धत रूढ झाली. टेबलावरील पुस्तक तेथे कोणाला तरी आवडले म्हणून आहे की त्या जागेचे भाडे भरले गेले म्हणून आहे, हे ग्राहकाला समजण्यास मार्ग नव्हता. मोठ्या खरेदीदारांना प्रकाशकांकडून गुप्तपणे अधिक सवलती मिळतात, असा आक्षेप घेऊन अमेरिकेतील स्वतंत्र ग्रंथविक्रेत्यांच्या संघटनेने १९९८ मध्ये या दोन्ही साखळ्यांवर दावा दाखल केला. २००१ मध्ये तडजोड होऊन साखळ्यांनी ४७ लाख डॉलर दिले. ही रक्कम दाव्याच्या खर्चाचा काही भाग भरून काढण्यापुरतीच होती.

पुढे संगणकाद्वारे होणाऱ्या विक्रीने साखळ्यांनाच गाठले. स्वस्ताई आणि अफाट साठा या दोन गोष्टींत त्यांच्याहूनही वरचढ असा प्रतिस्पर्धी उभा राहिला. बॉर्डर्सने तर २००१ मध्ये आपली संगणकावरील विक्री ॲमेझॉन या पेढीकडेच सोपविली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये बॉर्डर्सने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच वर्षी तिची उरलेली ३९९ दुकाने बंद झाली. सुमारे १०,७०० माणसांचे काम गेले. मोठ्या आकाराच्या बळावर उभे राहणाऱ्याला त्याहून मोठा कोणी भेटला म्हणजे मागे काय उरते, असा प्रश्न या घटनेने पुढे आणला.

लहान दुकानांची परीक्षा

यावरून लहान दुकाने सुखाने नांदली असे कोणी समजू नये. त्यांनाही जबर किंमत मोजावी लागली. डिलिस विन यांनी सुरू केलेले मर्डर इंक पुढे अन्य मालकांच्या हाती गेले आणि वाढते भाडे व संगणकावरील विक्री यांच्या कात्रीत सापडून २००६ च्या अखेरीस बंद पडले. लंडनच्या चेअरिंग क्रॉस रोडवर १९८८ पासून चाललेले ‘मर्डर वन’ हे रहस्यकथांचे दुकान २००९ च्या आरंभी मिटले. ग्राहकांचे प्रेम होते, परंतु तेच ग्राहक दुकानात पुस्तक पाहून घरी गेल्यावर दुसरीकडून स्वस्तात मागवू लागले, तर प्रेमावर जागेचे भाडे निघत नाही.

या दृष्टीने सॅन फ्रान्सिस्को येथील ‘बॉर्डरलँड्स’ या दुकानाची हकीकत बोधप्रद आहे. विज्ञानकथा, अद्भुतकथा व भयकथा यांचे हे दुकान १९९७ मध्ये सुरू झाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्या शहरातील मतदारांनी किमान वेतन टप्प्याटप्प्याने वाढवून २०१८ पर्यंत ताशी १५ डॉलर करण्यास कौल दिला. दुकानदाराचा या धोरणास तत्त्वतः विरोध नव्हता. त्याची अडचण निराळी होती. खानावळीचा मालक वेतन वाढले तर थाळीचे दर वाढवू शकतो. पुस्तकाची किंमत मात्र प्रकाशकाने पुस्तकावरच छापलेली असते. खर्च वाढला तरी उत्पन्न वाढविण्याचा मार्ग ग्रंथविक्रेत्याला मोकळा नसतो. म्हणून मार्च २०१५ अखेर दुकान बंद करण्याचे त्याने जाहीर केले.

ही बातमी पसरताच वाचक दुकानात जमले. त्यांच्याशी झालेल्या चर्चेतून एक योजना निघाली. दरवर्षी १०० डॉलर देणारे ३०० आश्रयदाते मिळाले, तर दुकान आणखी एक वर्ष चालवावयाचे आणि पुढेही वर्षागणिक हाच प्रयोग करावयाचा. ३१ मार्चपर्यंतची मुदत होती. परंतु काही दिवसांतच ३०० ची संख्या पुरी झाली. एवढ्यावर गोष्ट थांबली नाही. भाडे ही कायमची टांगती तलवार आहे हे ओळखून २०१७ मध्ये दुकानाने वाचकांकडूनच कर्ज उभारले आणि हेट स्ट्रीट या रस्त्यावर स्वतःची इमारत खरेदी केली. ज्यांनी कर्ज दिले त्यांना दुकान टिकण्यात स्वतःचे हित दिसत होते.

मिनियापोलिसच्या अंकल ह्यूगोजवर याहून भयंकर प्रसंग आला. २५ मे २०२० रोजी त्या शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३० मे च्या पहाटे दुकानाला आग लावण्यात आली. छेचाळीस वर्षे जमविलेला पुस्तकांचा साठा एका रात्रीत भस्मसात झाला. त्यात पुन्हा कधीही न मिळणारी जुनी पुस्तके आणि लेखकांच्या सहीच्या प्रती होत्या. मालक वृद्धत्वाकडे झुकलेले होते आणि त्यांनी व्यवसाय सोडला असता तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. परंतु दूरदूरच्या वाचकांनी वर्गणी पाठविली, आपल्या संग्रहातील पुस्तके दिली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच शहरात नव्या जागी दुकान पुन्हा उघडले.

साखळीने गिरविलेला धडा

या कथेचा सर्वांत विचारप्रवर्तक भाग पुढेच आहे. लंडनच्या मॅरिलबोन भागात १९९० साली जेम्स डॉन्ट यांनी प्रवासविषयक पुस्तकांचे एक दुकान सुरू केले. त्यापूर्वी ते एका पेढीत नोकरीस होते. त्यांच्या दुकानातील मांडणी देशवार होती. एखाद्या देशाच्या फळीवर प्रवासमार्गदर्शिका तर असेच. परंतु त्या देशाचा इतिहास, तेथील कादंबऱ्या व काव्यसंग्रह हेही तिच्या शेजारी लावलेले असत. इटलीला निघालेला प्रवासी मार्गदर्शिका घेण्यास येई आणि इटलीतील एखादी कादंबरीही घेऊन जाई.

२०११ मध्ये वॉटरस्टोन्स ही ब्रिटनमधील सुमारे ३०० दुकानांची साखळी डबघाईस आली असता तिच्या नव्या मालकाने तिचा कारभार डॉन्ट यांच्या हाती दिला. एका लहान विशेष दुकानाचा मालक आता देशातील सर्वांत मोठ्या साखळीचा कारभारी झाला. त्यांनी केलेले बदल वरकरणी साधे होते. दर्शनी जागेसाठी प्रकाशकांकडून पैसे घेणे त्यांनी बंद केले, जरी त्यामुळे हातचे मोठे उत्पन्न जाणार होते. कोणती पुस्तके पुढे मांडावयाची हे ठरविण्याचा अधिकार त्या त्या शाखेतील माणसांना दिला. परिणामी, प्रकाशकांकडे परत जाणाऱ्या पुस्तकांचे प्रमाण पुष्कळच घटले आणि काही वर्षांत साखळी पुन्हा नफ्यात आली. मात्र या फेरबदलात कर्मचारी कपातही झाली, हे सांगितले पाहिजे. २०१९ मध्ये सहाशेहून अधिक दुकाने असलेली अमेरिकेतील बार्न्स अँड नोबल ही साखळीही त्यांच्याच हाती आली आणि तेथेही तीच रीत अवलंबिण्यात आली. अलीकडे ही साखळी पुन्हा नवी दुकाने उघडू लागली आहे.

म्हणजे साखळीला तारले ते लहान दुकानाच्या तत्त्वाने. पुस्तकाची निवड वाचकाच्या जवळ असलेल्या, पुस्तके वाचणाऱ्या माणसाने करावी, हे ते तत्त्व होय. लहान दुकानांचे आकर्षण म्हणजे जुन्या गोष्टींविषयीची हळहळ आहे, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

कायद्याचे साहाय्य

या प्रश्नास शासकीय धोरणाची बाजूही आहे. ब्रिटनमध्ये १९०० पासून पुस्तके ठरलेल्या किमतीसच विकण्याचा करार प्रकाशक व विक्रेते यांच्यात होता. १९९५ मध्ये तो मोडकळीस आला आणि १९९७ मध्ये न्यायालयाने तो बेकायदा ठरविला. त्यानंतर मोठ्या सवलतींची स्पर्धा सुरू झाली. फ्रान्सने याच्या उलट मार्ग धरला. सांस्कृतिक खात्याचे मंत्री जॅक लँग यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये तेथे कायदा झाला आणि १९८२ च्या आरंभापासून तो अमलात आला. त्यानुसार पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवितो आणि कोणत्याही विक्रेत्याला तीवर पाच टक्क्यांहून अधिक सूट देता येत नाही. पॅरिसमधील मोठे दुकान आणि खेड्यातील लहान दुकान किमतीच्या बाबतीत एकाच पातळीवर आले. मग स्पर्धा उरली ती निवड आणि सेवा यांची. अशा कायद्यामुळे ग्राहकाला स्वस्त पुस्तक मिळत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही पुस्तक ही इतर जिन्नसांसारखी वस्तू मानावी की नाही, याचा निर्णय त्या देशाने विचारपूर्वक केला, एवढे निश्चित.

आपल्याकडील स्थिती

मराठी भाषिकांच्या प्रदेशात केवळ रहस्यकथांचे किंवा विज्ञानकथांचे दुकान फारसे परिचित नाही. परंतु असे वाचक येथे नव्हते असे नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार व काळा पहाड यांच्या करामती वाचत एका पिढीला वाचनाची गोडी लागली. नारायण धारपांच्या भयकथांना आणि जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांनाही निष्ठावंत वाचक लाभले. या वाचकांना जाणत्या विक्रेत्याची जागा भरून दिली ती गावोगावच्या वाचनालयांनी. दाराशी सदस्य दिसताच टेबलाच्या खणात राखून ठेवलेले पुस्तक काढून देणारा ग्रंथपाल अनेकांच्या स्मरणात असेल. ते काम आणि मिनियापोलिसच्या दुकानदाराचे काम यांत तत्त्वतः भेद नाही.

एकविषयी दुकानाचे उदाहरण गोव्यातही आहे. म्हापसा येथील ‘अदर इंडिया बुकस्टोअर’ हे दुकान पर्यावरण, सेंद्रिय शेती आणि पर्यायी शिक्षण या विषयांवरील पुस्तकांमुळे ओळखले गेले. महानगरांतील मोठ्या दुकानांत सहसा न मिळणारी पुस्तके त्याने एकत्र आणली.

महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकाला तर या विषयाचा आणखी निकटचा संबंध आहे. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद किंवा बेळगाव परिसर येथे मराठी पुस्तकांचे एखादे कपाट राखणारे दुकान अथवा ग्रंथालय हेच स्वभावतः एकविषयी असते. दूरच्या मुख्य कचेरीतून खरेदी करणाऱ्या साखळीला त्या शहरातील मराठी वाचकांची संख्या नगण्य वाटणे साहजिक आहे. तेथे मराठी पुस्तक दिसते ते कोणा एका माणसाने ते आठवणीने मागविलेले असते म्हणूनच. वडोदरा संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९१० पासून ग्रंथालयांची जी व्यवस्था उभारली, तिच्यातील फिरत्या ग्रंथपेट्या खेडोपाडी पोचत. कोणत्या पेटीत काय घालावे हा विचार तेथेही कोणाला तरी करावाच लागे.

आता प्रश्न उरतो तो आचरणाचा. ग्रामीण वाचनालयाची पुस्तक खरेदी बहुधा वर्षअखेरीस घाईने होते. सर्वाधिक सूट देणाऱ्याकडून याद्या मागविल्या जातात, गठ्ठे येतात, दाखलनोंदवहीत क्रमांक पडतात आणि अनुदानाचा हिशेब पुरा होतो. त्यांतील किती पुस्तकांची पाने पुढे उलटली जातात हे देवघेव नोंदवही उघडली की कळते. सूट मिळवू नये असे नाही. परंतु चाळीस टक्के सुटीने घेतलेले आणि कोणीही न वाचलेले पुस्तक हे पूर्ण किमतीला घेऊन वीस जणांनी वाचलेल्या पुस्तकापेक्षा महागच पडते.

याला उपाय खर्चाचे नाहीत. वाचनालयाने आपल्या गावाचा एखादा विषय निवडावा. तो भातशेती असेल, मासेमारी असेल, नाट्यवाङ्मय असेल किंवा मुलांच्या रहस्यकथा असतील. त्या विषयाचे एक कपाट तरी असे असावे की, त्यासाठी शेजारच्या गावातील माणूस चालत यावा. सदस्यांची मागणी लिहून घेण्यासाठी एक साधी वही टेबलावर राहावी आणि खरेदीच्या वेळी ती उघडली जावी. शिक्षकांनी वर्षातून चार पुस्तके स्वतः वाचून ती कोणत्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावयाची हे ठरवावे. आणि जवळपास एखादा जाणता ग्रंथविक्रेता तग धरून असेल, तर निदान काही खरेदी त्याच्याकडून व्हावी. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाचकांना दुकान बंद होण्याची सूचना वेळेवर मिळाली, म्हणून ते धावून जाऊ शकले. आपल्या गावातील दुकानदार अशी सूचना देईलच असे नाही. तो एके दिवशी गाळ्याला कुलूप लावील आणि तेथे दुसराच कसला तरी धंदा सुरू होईल.

ज्याला पुस्तकाचे नाव ठाऊक नाही असा वाचक, विशेषतः असा विद्यार्थी, आजही दारात उभा आहे. त्याच्याशी बोलून त्याच्या हाती योग्य पुस्तक देणारा मनुष्य दुकानात असो, वाचनालयात असो वा शाळेत असो, तो गावात असला पाहिजे, एवढी दक्षता सर्वांनी मिळून घ्यावयास हवी.